वगारीच्या तोंडावरचं मुसकं

मी मुसकं बोलतोय. बैलानं उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतात, ते. काम रास्त आहे. पण माझ्या वाट्याला बैल आला नाही; आली दूधपिती वगार.

सिंदीजवळच्या खेड्यात गोपिकाबाईंची म्हैस व्याली. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वगारीचं नाव चांदी. बाई तिला पोरीसारखं जपत. पण महिन्याच्या आतच तिचं पोट घागरीसारखं फुगलं, पाठ मात्र वाळत चालली. मातकट, चिकट, घाण वासाची हगवण लागली आणि ती भिंतीची माती चाटू लागली.

"मातीनंच पोट फुगलं हिचं," बाईंनी निकाल दिला आणि अंबाडीच्या दोरीनं मला विणलं. विणणारा हात मायेचा होता, हे नाकारणार नाही.

शेजारची कुसुमबाई कुंपणावरून म्हणाली, "बाई, जंत असन पोटात. पळसाच्या बिया उगाळून पाजा."

"काऊन वं कुसुम, दुधावरच्या लेकराले जंत? गवताची काडी नाई खाल्ली तिनं! तू आपले वांगे इक. ढोरं मले नको शिकवू."

"शिकवून नाई राह्यली, माय. शेणाचा वास तं घेऊन पाहा."

बाईंनी घेतला नाही. मी मात्र चांदीच्या श्वासालाच चिकटलेलो. त्या श्वासाचा आंबूस वास मला रोज यायचा. मी माझं काम चोख केलं. मातीचा कण आत जाऊ दिला नाही. दूध प्यायच्या वेळेपुरतं मला सोडत, पुन्हा आवळत. एका सकाळी चांदी उठलीच नाही. शेणात पांढरे, लांबलचक जंत वळवळत होते.

ढोरांचे डॉक्टर आले ते उशिरा. म्हणाले, "बाई, वासराला हे जंत आईच्या दुधातूनच येतात. माती खातं ते जंतांपायी."

संध्याकाळी म्हैस पान्हा सोडेना. बाईंनी मला तिच्या नाकाशी धरलं. चांदीची लाळ माझ्यात मुरलेली. म्हशीनं हुंगलं, मग चाटतच सुटली. कास भरून आली. जिच्या लेकराचं तोंड मी बांधलं, तीच मला लेकरू समजत होती!

बाईंनी आचळाला हात लावला नाही. कुंपणाशी जाऊन म्हणाल्या, "कुसुम, ये वं. पळसाच्या बिया कशा उगाळतात, दाखव मले. पुढच्या लेकराले तरी पाजीन."

म्हैस पुन्हा व्याली; आता गोठ्यात तिचं नवं वगारू आहे. त्याला वेळेवर औषध मिळालं. टणाटण उड्या मारतं. मी खुंटीवर आहे. जाता-येता म्हैस अजून मान उंचावून मला चाटते.

बाई, मला चुलीत घाला. जळायचं भय नाही. ती जीभ सोसवत नाही.