माझी हलगी आणि वर्षाराणीचा घोटा

मी एक जुनी एमआरआय मशीन आहे, मित्रांनो. कोल्हापुरात मला आणले तेव्हा दवाखान्याची भिंत पाडून क्रेनने आत घेतले होते. रस्त्यावर बघ्यांची जत्रा भरली होती.

माझ्या पोटात मोठे लोहचुंबक आहे. एक्स-रेला हाडे दिसतात. मला हाडांना बांधणारे स्नायुबंध आणि सांध्यातली मऊ कूर्चाही दिसते. बारा वर्षे मी राबले. मग शेजारच्या खोलीत नवी मशीन आली, आवाजाला हळू आणि कामाला झटपट. सगळे तिचेच कौतुक करू लागले. माझ्या वाट्याला उरल्या फक्त हातापायांच्या तपासण्या.

त्या दिवसांत गगनबावड्याकडची वर्षाराणी आली. अठरा वर्षांची पैलवान. सरावात तिचा घोटा मुरगळला होता. एक्स-रेत हाड शाबूत दिसले, म्हणून तिचे वस्ताद आकाराम तालमीच्या रिवाजाने रोज तेल लावून पाय ओढत होते. दोन महिने झाले तरी सूज उतरेना. पाय टेकवत नाही, असे ती सांगे; पण पोरगी कुस्तीला भ्याली, असे समजून वस्ताद तिला घरी धाडायला निघाले होते.

माझा तंत्रज्ञ धवल याने तिला झोपवले आणि हलू नको म्हणून बजावले. मी धडधड सुरू केली. तिचा पाय हलला, चित्र पुसट आले. पुन्हा तेच. धवल वैतागला, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "दादा, हे हलगीगत वाजतंय की. आखाड्यात हलगी वाजली की पाय आपसूक उचलतोय."

"मग ही कुस्ती माझ्या मशीनची हाय समज," धवल म्हणाला. "तू नुसती बघ."

ती दगडासारखी पडून राहिली. मी जीव ओतून चित्रे काढली. बाहेरचा स्नायुबंध फाटला होता आणि कूर्चेचा एक तुकडा सुटून सांध्यात रुतत होता.

वस्तादांनी संगणकाच्या पडद्यावरच्या फाटलेल्या बंधावर बोट ठेवले. "म्हंजे पोरगी खरं बोलत हुती," ते म्हणाले. "मीच वडत हुतो."

तेल थांबले. शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची निवड चाचणी हुकली, पण पुढच्या वर्षी वर्षाराणीने जिल्हा जिंकला. फेटा बांधून, चांदीची गदा खांद्यावर घेऊन ती थेट माझ्याकडे आली. धातू आत चालत नाही, म्हणून काचेपलीकडूनच तिने गदा उंच धरली. वस्तादांनी मात्र हातातले कडे काढून ठेवले, आत आले आणि जिंकलेल्या पैलवानाला मारतात तशी माझ्या पाठीवर थाप मारली. नव्या मशीनला अजून कुणी तशी थाप मारलेली नाही.

मित्रांनो, मुरगळलेला पाय ओढू नका. दुखणे सांगणाऱ्याला भित्रा म्हणू नका. आणि माझ्याकडे आलात तर थोडा वेळ स्वस्थ पडा. हलगी वाजवायला मी आहे.