पुठ्ठ्याचा हात

"मास्तर, ही तिसरी जागा," ड्रिल खाली ठेवत वॉशर म्हणाला. "सहा भोकं आधीच बुजवलीत. आणखी तीन पाडली की बोट विकताना चाळण म्हणून विकावी लागेल."

"शेवटची. हिशेब चोख आहे या वेळी," वहीतून डोकं न काढता मास्तर म्हणाले.

हे वाक्यही तिसऱ्यांदा.

बोटींच्या यार्डात वॉशरला अडतीस वर्षं झाली होती. कुठलाही बोल्ट दिसला की "खाली अजून एक वॉशर घाला" म्हणायचं, म्हणून हे नाव. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे म्हणतात. एवढ्या वर्षांत त्याने बुडालेल्या बोटी वर काढल्या, पण या निवृत्त गणित-शिक्षकाच्या बोटीने त्याच्या जसे नाकीनऊ आणले, तसे कुणी आणले नव्हते.

भानगड होती मोठ्या शिडाच्या दोराची. शिडाखालचा आडवा दांडा या दोराने आत ओढायचा किंवा बाहेर सोडायचा. बोटीचा लगामच तो. त्याच्या कप्प्या ज्या पोलादी पट्टीवर बसतात, ती पट्टी मास्तरांना एका जागी बघवत नव्हती. आधी होती बसायच्या खळग्याच्या मधोमध. तिथे सगळ्यांच्या नडग्या फुटल्या. मग केबिनच्या दारापुढे सरकवली, तर सुकाणूपाशी बसलेल्या मास्तरांना वाकावं लागे. आता ती न्यायची होती थेट मागे, सुकाणूच्या दांड्याला खेटून.

पट्टी हलवायची म्हणजे वरून भोक पाडून भागत नाही. खालच्या फळ्यांचे बावीस स्क्रू काढायचे, एका खणात आडवं घुसायचं, मान वाकडी करायची आणि अंधारात दोन बोटांनी नट धरायचा. गेल्या खेपेला हातून निसटलेला नट शेजारच्या बोटीत सापडला, असं वॉशर शपथेवर सांगे.

"आणि हे घे," मास्तरांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. खांद्यापासून बोटांपर्यंत कापलेला हात. मनगटावर पेनाने घड्याळसुद्धा काढलेलं. "माझ्या मापाचा आहे. मी नसलो तर हा लावून बघ, दोर हाताशी येतो की नाही."

वॉशरने हात उलटासुलटा केला. "चहा घेतो का हा?"

तेवढ्यात शिडी करकरली. बाई, म्हणजे मास्तरांची बायको, डाव्या हाताने कठडा धरून वर आल्या. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. सव्वीस वर्षं मास्तरांनी सुकाणू धरलं होतं आणि हा दोर बाईंनी.

"हा कुणाचा?" त्यांनी पुठ्ठ्याकडे बघून विचारलं.

"माझा. मापासाठी."

"बरं. आणि माझा कुठाय?"

मास्तर वहीची पानं उलटू लागले, जणू तो हात वहीत कुठेतरी ठेवला असावा.

"अगं, तुला त्रास नको म्हणून… डॉक्टर म्हणाले ना…"

"ओझं उचलू नका म्हणाले. बोटीवर ओझं होऊन बसा, असं नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात निघायचंय ना? मग एकटेच जा. मी धक्क्यावरून हात हलवीन. डावा."

वॉशरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने हा माणूस आपल्याला खणात कोंबतो, आणि घरात साधं विचारत नाही!

"बाई, बोट चालू असताना तुम्ही उभ्या कुठे राहता?"

त्या दाराच्या पायरीवर उभ्या राहिल्या. केबिनचं छप्पर बरोबर त्यांच्या कमरेशी आलं. वॉशरने कानामागची पेन्सिल काढली आणि छपरावर फुली मारली.

"माझा हात तिथे पोचणार नाही!" मास्तर ओरडले.

"नाहीच पोचत," वॉशर म्हणाला.

"आणि दोर दांड्याच्या मध्यावर आला की ओढ दुप्पट होते, कळतंय का?"

हिशेब बरोबर होता, म्हणून तर वॉशरला जास्त चीड आली. "मग कप्प्या वाढवतो. चाराच्या आठ."

"म्हणजे दोरही दुप्पट ओढायचा. वेळ किती लागेल?"

"मला कुठे गाडी पकडायचीय?" बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी पट्टी छपरावर बसली. बोट अजून यार्डात लाकडी टेकूंवरच होती. वारा कुठून आणायचा? वॉशरने दांड्याला खांदा लावला.

"मी वारा."

"ढिलं सोडलंत तर बघा," बाई म्हणाल्या.

"सोडतोय कसला! माझ्या पाठीचा सगळा सूड आज काढणार."

त्याने दांडा बाहेर रेटला. बाईंनी डाव्या हाताने दोर ओढला, उजव्या काखेत दाबून धरला, पुन्हा पुढचा ओढला. हातभर, मग अजून हातभर. फार हळू. वॉशरच्या चपला घसरू लागल्या. त्याने दात आवळून जोर लावला, तरी दांडा आत येतच राहिला. शेवटी दोर छपरावरच्या, तो घट्ट धरून ठेवणाऱ्या चिमट्यात अडकवायची वेळ आली आणि उजवा हात तेवढा पुढे जाईना. सुकाणूपाशी बसलेले मास्तर अर्धे उठले. बाईंनी वाकून कोपराने दोर दाबला. चिमट्याने तो धरला. मास्तर परत बसले.

"सुकाणू सरळ आहे ना?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीचं सुकाणू मास्तरांनी दोन्ही हातांनी सरळ केलं.

"आहे," ते म्हणाले.