भीमनगरावरून क्रॉसिंग

संघपालनं रूळ ओढत मारुतीच्या पारापर्यंत आणला आणि माउसचं बटन सोडलं. पडद्यावर रूळ लाल झाला. वर पाटी आली: गावाची हरकत आहे.

"पुन्हा नाई म्हणते बे," गोपाल म्हणाला.

"गावातून जाते ना. घरं पाडा लागतात. गावातलं घर पाडतो म्हटलं की हे अडवते."

"मंग वरून पूल टाक."

"पुलाले चढ लागते. चढाले जागा कुठं हाये? खालूनच न्या लागीन, रुळावरून रूळ. क्रॉसिंगच."

दोघंही बी.एस्सी. होऊन रिकामे बसले होते. भरतीच्या सगळ्या परीक्षा दिल्या, रेल्वेचीही दिली. रेल्वेनं दोघांनाही विचारलं नाही, तेव्हा गोपालनं हा रेल्वेचा गेम घेतला. त्यात त्यांनी आपलंच गाव उभं केलं होतं. उभं केलं म्हणजे संघपालनं. गोपाल शेजारी बसून शेंगदाणे फोडत "वा बे" म्हणायचा. पण कॉम्प्युटर गोपालचा, खोली त्याच्या बापाच्या माडीवरची, म्हणून कोणी आलं की तो सांगायचा, माझं गाव पाहा.

गावाला लागून मलकापूरची लाइन नागमोडी गेलेली. आता कापसाच्या जिनिंगपासून दुसरी लाइन आडवी काढून खदानीपर्यंत न्यायची होती. वळणावर क्रॉसिंग बसत नाही. दोन्ही रूळ सरळ लागतात. मलकापूरची लाइन सरळ होती ती दोनच जागी. एक पाराजवळ. दुसरी भीमनगराजवळ.

दुसऱ्या जागेचं नाव संघपाल घेत नव्हता. त्यानं पाराजवळच दोन रकाने वर करून पाहिलं. लाल. खाली करून पाहिलं. लाल.

मागच्या आरामखुर्चीत उत्तमराव, गोपालचे वडील, मोबाइल पाहत पडले होते. ते हसले.

"गावाले इचारल्याबिगर गावातून गाडी जाईन का? हुशार हाये तुमचा गेम."

"सरक जरा," गोपालनं माउस घेतला. रूळ उचलून त्यानं खाली नेला, नाल्यापलीकडं, भीमनगरावर ठेवला. चौदा घरं, विहार, बोअर, सगळ्यांवरून रूळ आडवा पसरला. पाटी आली नाही. रूळ हिरवा झाला.

"आयला. इथं काऊन नाई म्हणत नाई?"

संघपालनं पडद्यावरच्या नाल्यावर बोट ठेवलं.

"हे गावात धरत नाई ना," तो म्हणाला. "गेम. गावाची हद्द नाल्यापर्यंत हाये. हे बाहेर येते."

"बाहेर कोणं ठेवलं?"

"मीच."

"काऊन?"

"जसं हाये तसं ठेवलं."

अख्खा पावसाळा त्यानं त्या चौदा घरांवर घातला होता. घराघराचे फोटो काढले. विहाराच्या घुमटाला पाहिजे तसा पांढरा मिळेना, म्हणून दुधी रंग लावला. धम्मशीलेनं, त्याच्या बहिणीनं, फोटो पाहून टोमणा मारला होता, सगळं केलं आणि दारातली बाज राहिली, आता बाबा बसतील कुठं? मग त्यानं बाजही केली. बापाला मोबाइलवर दाखवलं, तर पुंजाजी बराच वेळ पाहून म्हणाला, "चांगलं हाये रे. पण माणसं कुठी गेली?"

"गेममधी माणसं दिसत नाईत, बाबा."

"हाव का," पुंजाजी म्हणाला होता आणि मोबाइल परत दिला होता.

"संघ्या," गोपालचा आवाज खाली आला, "तुले वाईट वाटत असीन तं राहू दे. खदान कॅन्सल करू."

हे तो मनापासून म्हणाला. तेच वाईट होतं. शिवी दिली असती तर संघपाल उठून गेला असता. पण गोपालनं बोट बटनावरून काढलं नव्हतं, आणि रूळ हिरवाच होता.

"गेम हाये लेका," संघपाल म्हणाला. "आण इकडं. तू वाकडा टाकशीन."

त्यानं माउस घेतला. विहार आधी पाडला, मग घरं. प्रत्येक घराला धुळीचा एक छोटा लोट उठत होता आणि कड असा आवाज येत होता. आपलं घर त्यानं मधेच उरकलं, शेवटी ठेवलं नाही. मग रूळ टाकला, सिग्नल लावले, आणि दोन्ही गाड्या सोडल्या. मलकापूरची गाडी सिग्नलला थांबली. दगडाचे डबे तिच्यापुढून खडखडत आडवे गेले. मग तीही सुटली. एक खटका नाही, एक झोल नाही.

"काय बसवलं बे!" गोपालनं त्याच्या पाठीत थाप मारली. "बाबा, पाह्यलं का?"

"पाह्यलं ना. हात हाये पोट्ट्याले."

क्रॉसिंग खरंच झकास बसलं होतं. संघपालला ते दिसत होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

"आता तुमची घरं बसव," गोपाल म्हणाला. "कुठंही बसव बे. सगळं गाव मोकळं पडलं हाये."

संघपालनं एक घर निवडलं. निळ्या पायऱ्यांचं. ते माउसला लटकलं आणि हाताबरोबर गावावर फिरायला लागलं. पाराशेजारी हिरवी चौकट आली. शाळेच्या मागं हिरवी. गोपालच्या घराला लागून मोकळी जागा होती, तिथंही हिरवी. पाडायला हरकत घेणाऱ्या गावाची बांधायला कुठंच हरकत नव्हती.

मागं उत्तमरावांच्या मोबाइलचा आवाज बंद झाला. गोपालनं शेंगदाण्याची टरफलं गोळा करायला घेतली.

चौकट तिथंच हिरवी होऊन थांबली होती. बोट खाली दाबायचं, एवढंच काम. कोणी त्याला काही म्हणालं नव्हतं.

संघपालनं घर तिथून उचललं. नाला ओलांडला, नवा रूळ ओलांडला, आणि खदानीच्या अलीकडच्या बरड माळावर ते ठेवून दिलं. मग त्याला लागून दुसरं. मग तिसरं.

"इतक्या लांब कायले?" गोपाल म्हणाला. पण त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"राहू दे. इथं मोकळं हाये."

उत्तमरावांनी खुर्ची पुढं ओढली. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं आणि मान डोलावली.

"चांगली जागा घेतली. फक्त मधी एक फाटक टाक बापू रुळावर," ते मायेनं म्हणाले. "तुमच्या लोकायले कामाले इकडं या लागीन ना."

संघपालनं यादीतून फाटक काढलं. ते माउसला लटकवून तो रुळावरून एकदा वर गेला, एकदा खाली आला.

"कुठं टाकू, काका?" त्यानं विचारलं.