झीलकऱ्याचं अपील

अपील फेटाळलं गेलं, तेव्हा रिठद गावात कुणालाच नवल वाटलं नाही. वाटलं ते एकट्या पंजाबरावांना. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं आणि आपण उभी हयात फुलचंदच्या गायन पार्टीत गायलो, इतका सरळ हिशेब त्यांनी धरला होता. पैसा नको होता असं नाही, पोट त्यांनाही होतंच. पण बायको गंगू गेल्यापासून घरात दोन शब्द बोलायला कुणी उरलं नव्हतं. आपण गायक होतो, हे निदान सरकारनं तरी म्हणावं, असं त्यांना फार वाटायचं.

घोटाळा झाला तो सुनावणीत. समितीचे साहेब म्हणाले, बाबा, काहीतरी गाऊन दाखवा. पंजाबराव उठले, टोपी नीट केली, डावा हात कानाशी नेला आणि उभे राहिले. उभेच राहिले. साहेबांना वाटलं, म्हातारा घाबरला. घाबरतो कसला! भरल्या मांडवात रात्र रात्र गायलेला माणूस तो. पण होता झीलकरी. फुलचंदनं पुढं ओळ म्हणायची आणि पंजाबरावांनी मागून ती उचलायची. पहिली ओळ मुख्य गायकाची, तिला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही, हा पार्टीचा शिरस्ता. फुलचंद मातीआड झाला तरी शिरस्ता काही मेला नव्हता. शेवटी ते अदबीनं म्हणाले, "साहेब, पयली ओळ कोनी तरी म्हना. मंग मी हावोच."

समिती हसली, चहा आला, पुढच्या माणसाचा पुकारा झाला. काही दिवसांनी निकाल हाती पडला, की अर्जदाराकडे कला आढळून आली नाही.

गावातल्या सेवा केंद्रातली निकिता पोरगी मायाळू. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं, की अपील गेलं म्हणून वाट बुजत नाही, नव्यानं अर्ज करता येतो. मात्र या खेपेला पार्टीतल्या किंवा पार्टी जवळून पाहिलेल्या कुणाचा तरी जबाब जोडा आणि एक गाणं अख्खं, एकट्यानं बसवा. पार्टीतलं कोण कोण आहे आता, असं तिनं विचारलं. पंजाबरावांनी मोजायला बोटं उघडली आणि तशीच मिटून घेतली.

उरली होती ती चंपाबाई, फुलचंदची बायको, अनसिंगला. वाशिमला गाडी बदलून ते तिच्याकडे गेले. जबाबावर तिनं लगेच अंगठा दिला. काम झालं होतं, पण पंजाबराव काही उठेनात. कपातला चहा कधीच संपला होता.

"वयनी," ते शेवटी म्हणाले, "त्याची ओळ मी म्हनू का?"

चंपाबाईनं त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला. मग म्हणाली, "म्हना ना भाऊजी. मानूस गेला, ओळ कायले जाऊ द्याची?"

ते ओसरीवर उभे राहिले. 'दिवा लागला दारी माय, उजेड मावंना घरात.' आवाज खरखरीत झाला होता, पण सूर शाबूत होता. ओळ संपली आणि त्यांची मान आपोआप मागं वळली. मागं भिंत होती आणि तिला टेकलेलं सोयाबीनचं पोतं.

फुलचंदही दर ओळीनंतर अस्साच मागं वळून पाहायचा. गडी आपली चूक धरतो, असं समजून पंजाबराव त्याच्यावर कितीदा रुसले होते, दोन-दोन गावचे कार्यक्रम होईपर्यंत अबोला धरला होता. आज त्यांना कळलं. तो चूक धरत नव्हता. मागं माणूस आहे ना, एवढंच पाहत होता बिचारा.

"थांबले काहून?" चंपाबाईनं विचारलं.

"झील कोन धरीन, वयनी?"

"मले येत नाही, भाऊजी," ती हळूच म्हणाली.

पंजाबरावांनी मान डोलावली. मग तीच ओळ पुन्हा म्हटली आणि झीलही स्वतःच धरली. समितीला चालेल असं ते गाणं झालं होतं. पण संपेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.