दीड वर्षाची मालकी

मी बोलतेय. दापोडीच्या गल्लीत पाण्याच्या टाकीखाली उभी असलेली, दोन दारांची पिवळी गाडी. 'उभी असलेली' म्हणतानाही मला कसंतरी होतं. उभं राहणं माझ्या रक्तातच नाही.

चाकणच्या कारखान्यात माझी जोडणी झाली, तेव्हा समोरच्या भिंतीवर माझं भलंमोठं चित्र होतं. त्यात माझ्या स्टिअरिंगवर पंचविशीतला एक पोरगा होता, केस वाऱ्यावर, दात पांढरेशुभ्र. मला वाटलं, हा गेटाबाहेर माझी वाट बघत थांबला असणार. बाहेर आले तर मालक बावन्न वर्षांचे निघाले. भोसरीत त्यांचं वर्कशॉप होतं आणि दर रविवारी ते केसांना कलप लावायचे. पाच वर्षांत त्यांनी मला चालवलं कमी आणि पुसलं जास्त. मग त्यांची कंबर धरली आणि मी कासारवाडीला जुन्या गाड्यांच्या दुकानात येऊन पडले.

तिथे मला वयाचा उलगडा झाला. पोरं रोज यायची, बॉनेटला टेकून फोटो काढायची आणि शेजारच्या दुकानातून मोटरसायकल घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा, आणि येताना ओळखीचं कुणी बघत नाही ना हे तपासणारा, हमखास पन्नाशीचा असायचा. दुकानातला प्रितम सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, "मुलासाठी बघताय का काका?" काका मान हलवून हो म्हणायचे. चक्क खोटं बोलायचे.

साहेबराव खोटं बोलले नाहीत. तो जून महिन्यातला पहिला दिवस होता. आदल्याच दिवशी ते चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झाले होते. गाड्यांना दारं बसवण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. प्रितमने ठरलेला प्रश्न विचारला, तर म्हणाले, "न्हाई. मला पायजे." त्यांनी माझं दार उघडलं, लावलं, कान देऊन आवाज ऐकला. "बिजागरी जरा ओढतीय," असं पुटपुटत ते गुडघे वाजवत आत बसले. खरं सांगते, माझा हिरमोड झाला. पुन्हा एक म्हातारा, मी मनात म्हटलं.

घरी त्यांचा मुलगा समाधान वाट बघत होता. हिंजवडीत नोकरी करणारा, सरळ, जबाबदार मुलगा. मला बघून त्याने कपाळावर हात मारला.

"बाबा, मागे दोन माणसं धड बसत नाहीत हिच्यात. आणि हे काय वय आहे का?"

"किती वय हाय माझं?"

"अठ्ठावन्न. काल कंपनीनं हार घातला ना."

साहेबराव गालात हसले. "ते मास्तरांचं वय झालं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी उघड्या काचेतून ऐकलं. त्यांच्या गावी शाळेत नाव घालताना मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं. साहेबरावांचे हात होते लांब. कान पटकन सापडला आणि मास्तरांनी एक जून ही तारीख टाकून दिली. त्यांच्या अख्ख्या रांगेचा वाढदिवस एक जूनच. पण आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पाचव्या दिवशी तू झालास, म्हणजे सोळा डिसेंबर सदुसष्टला. हिशेब केला तर मास्तरांनी दीड वर्ष जास्तीचं लावलं होतं.

"म्हंजे कंपनीनं मला दीड वर्ष आधीच घरी बसवलं," साहेबराव म्हणाले. "ते दीड वर्ष माझं हाय. तेवढं मला हिच्यात काढू दे. पुढच्या वर्षी सोळा डिसेंबरला खरे अठ्ठावन्न भरतील, त्या दिवशी चावी तुझ्या हातात. मग इक, न्हाईतर काय बी कर."

समाधानने जरा विचार करून मान डोलावली.

तर अशी मी दीड वर्षासाठी मिळालेली बाई. साहेबराव सवयीने पहाटे उठायचे, पहिल्या शिफ्टच्या बसमागे मला घालायचे, मोशीवरून ट्रेलरच्या धुरात रखडत चाकणला जायचे आणि कंपनीच्या गेटापासून गाडी वळवून परत यायचे. मला वेड लागायची पाळी आली. पोटात एवढं बळ असताना मी रोज एका बंद गेटाला तोंड दाखवून येत होते. तो भिंतीवरचा पोरगा मला फार आठवायचा.

मग एक दिवस शेजारच्या सीटवर चतुराबाई बसल्या. साहेबरावांच्या बायको. भोसरीच्या शेडमध्ये बावीस वर्षं उभ्याने रबरी वायसर निवडलेल्या. गेट आलं, साहेबरावांनी इंडिकेटर दिला, तशा त्या म्हणाल्या, "हितं काय ठेवलंय तुमचं? पुढं चला की."

"पुढं कुठं?"

"मला काय ठाऊक? मी कधी गेलीय का पुढं?"

खेडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. साहेबरावांनी भीत भीत पाय दाबला. चतुराबाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "आजून." त्या दिवशी मी पहिल्यांदा पळाले. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी आम्ही पुढे जायचो, आणि 'आजून' हा शब्द नेहमी डाव्या सीटवरूनच यायचा.

दिवस मात्र कुणासाठी थांबत नव्हते. दुसरी दिवाळी गेली, थंडी पडली, आणि सोळा डिसेंबर उजाडला. समाधान गिऱ्हाईक घेऊन आला. समर्थ त्याचं नाव, वय चोवीस, चाकणच्याच कंपनीत नवा लागलेला. मी ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तोच हा. तो बसला, आरसा स्वतःच्या केसांकडे वळवला, फोटो काढला. आणि मला रडू आलं. मला तो नको होता, आणि हे सांगायला माझ्याकडे हॉर्नशिवाय काही नव्हतं.

साहेबराव शब्दाचे पक्के. त्यांनी चावी काढून मुलापुढे धरली.

"थांबा," चतुराबाई दारातून म्हणाल्या. त्या पदराला हात पुसत खाली आल्या. "ह्यांचे अठ्ठावन्न भरले. माझे किती भरले?"

समाधान गोंधळला. "आई, तुझं आधार कार्डावर एक जानेवारी..."

"ते त्या मशीनवाल्या पोरानं माझ्या तोंडाकडं बघून लिवलं. मी शाळेत गेली न्हाई, मला कुणी कान धराय लावला न्हाई. माझ्या आईला बी ठाऊक नव्हतं, सुगीत झाले एवढंच म्हणायची. माझं वय कुणी मांडलंच न्हाई, तर ते सरलं हे कोण ठरवणार?"

समर्थ हळूच बाहेर उतरला.

"मला शिकायचीय ही," चतुराबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं उभी होते मी. आता बसून कुठंतरी जायचंय."

समाधानने बापाच्या हातातली चावी घेतली. ती क्षणभर निरखली आणि आईच्या हातावर ठेवली. "लायसन्सच्या फॉर्मवर जन्मतारीख लागेल," तो म्हणाला. "कोणती टाकू?"

"तुझ्या मनाला येईल ती टाक."

आता माझ्या पुढच्या-मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवलेला आहे. सीट पार पुढे ओढली आहे, खाली उशी आहे. साहेबराव डावीकडे बसून दाराची कडी घट्ट धरतात. मी गल्लीच्या तोंडाशी तीनदा बंद पडते, चौथ्यांदा चालू होते, गचके खात मोशीपर्यंत जाते. तेवढ्यात मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं आहे. चाकण रस्त्यावर पिवळी गाडी तुमच्यापुढे रखडताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. घाई आम्हा दोघींनाही तुमच्यापेक्षा जास्त आहे. अजून क्लच तेवढा जमत नाही.