वरच्या कडेची तारीख

"मुखरूभाऊ, आधी टीव्ही लावजा, मंग हा डब्बा. उलटं केलं तं पडदा काळाच राह्यते. अन् याले हवा लागू द्याजा."

रंजीताबाईंचे हे शब्द मी विसरलेलो नाही. मित्रांनो, मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. एका हिरव्या पाटीवरच माझा मेंदू आणि माझी आठवण, सारे काही. साधा पंखासुद्धा नाही. सिंदेवाहीच्या संगणक वर्गात कित्येक मुले माझ्यावर शिकली. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा शिकवणाऱ्या रंजीताबाईंनी मला आपल्या गावी आणले आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीत टीव्हीमागे, भोके पाडलेल्या डब्यात बसवले. माझी जबाबदारी पंचायतीचे शिपाई मुखरूभाऊ यांच्यावर आली.

तिथे मला रोजचे एक काम मिळाले. गावाला लागूनच जंगल आहे. मोहफुले पडू लागली की बाया उजाडताना टोपल्या घेऊन निघतात. वाघ कुठे फिरतो आहे त्यावर गावचा दिनेश नजर ठेवतो. रोज पहाटे तो मोबाइलवरून एक लहानशी चित्रफीत पाठवी आणि मी ती दाखवत राही. वरच्या कडेला तारीख, खाली पायवाटांचा नकाशा, बंद वाटेवर लाल फुली.

त्या बायांतल्या वडीलधाऱ्या केसरबाई रोज मारुतीपुढे दिवा लावून माझ्यासमोर येत. "वाघोबा कुठी हाये, सांग बापा," म्हणून हात जोडत. मग इतर बायांना वाट सांगत. खरे सांगतो, तेव्हा मला फार धन्य वाटे.

पुढे दसरा आला. विळे, कुऱ्हाडी, मोटारसायकली यांच्याबरोबर मुखरूभाऊंनी माझीही पूजा केली. "एवढं काम करते, त्याले उघडं काऊन ठेवाचं?" असे म्हणत त्यांनी पोथी बांधावी तसा माझा डबा लाल कापडात घट्ट बांधला. आत झेंडूची फुलेही ठेवली. भक्तीने बांधलेली ती गाठ सोडायला कोणाचा हात धजेना.

थंडीत काही जाणवले नाही. संक्रांतीनंतर मोठा टीव्ही आला आणि तो माझ्या चित्राच्या चारही कडा गिळू लागला. तारीख चौकटीबाहेर गेली. नकाशा दिसत होता, म्हणून तिची उणीव कोणाला भासली नाही.

मग चैत्र तापला. त्या कापडात माझा जीव कोंडू लागला. फीत चालवणारा माझा आतला भाग मध्येच गोठून जाई आणि शेवटचे चित्र पडद्यावर तसेच चिकटून राही. अंग तापले की मी कोपऱ्यात तापमापीची खूण दाखवतो. तीही कडेतच गेली होती. मी आतून सारे जाणत होतो, पण सांगू कसे?

त्या सकाळी दिनेशची नवी फीत माझ्यापाशी आली होती. तिच्यात नाल्याच्या वाटेवर फुली होती. पडद्यावर मात्र कालचेच चित्र, नाला मोकळा. केसरबाईंनी ते पाहिले आणि शेजारच्या गुणाबाईंना म्हणाल्या, "नाल्याकडं जा वो गुणा, तिकडं काई नाई."

ऊन चढताना गुणाबाई परतल्या. पायात चप्पल नव्हती, डोक्यावर टोपली नव्हती.

"जा म्हणलीस नं मले? दहा पावलावर बसला होता! टोपली फेकून पळाली मी."

"टीव्हीवर तं मोकळं होतं वो..."

"घाल तो टीव्ही चुलीत!"

केसरबाईंनी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतले नाही. संध्याकाळी गुणाबाईंच्या दारात जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "गुणा, आता मी पारखल्याबिगर कोनालेच जा म्हननार नाई. ज्या दिवशी फीत खरी नसन, त्या दिवशी मी सोता वाटेवर उभी राहीन. वाघोबाची आन."

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी रंजीताबाई सिंदेवाहीहून आल्या. गाठ सोडताच वाळलेला झेंडू खाली सांडला.

"मुखरूभाऊ, हे यंत्र हाये का नवरी?"

"पूजाच तं केली बाई, चोरी नाई केली."

"पूजा करा. त्याचा श्वास नका कोंडू."

त्यांनी मला पुसले. पडद्याची मापे बदलून चित्र चौकटीच्या आत ओढले. फीत गोठली तर आपली आपण पुन्हा सुरू व्हावी, अशी सूचनाही लिहून ठेवली. वर तारीख उमटली तेव्हा केसरबाईंनी ती बोट लावून वाचली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना हार घालू नका. थोडा वारा लागू द्या आणि आम्ही दाखवतो ते डोळे उघडे ठेवून पाहा. कारण मी अगदी धडधाकट असलो, तरी माझ्यापाशी आहे तेवढेच सांगू शकतो.

आज पहाटेचेच पाहा. मोबाइलचा टॉवर बंद असल्याने दिनेशची फीत आलीच नाही. मी कालचीच दाखवत होतो, सुरळीत, न अडखळता. टोपल्या घेऊन बाया जमल्या होत्या. गुणाबाईही होत्या.

"आज तं चांगला चालून राह्यला डब्बा," कोणीतरी म्हणाले.

केसरबाईंनी तारीख वाचली. भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. पुन्हा तारीख वाचली.

"कालची हाये," त्या म्हणाल्या. "दिनेशचा सांगावा येतवर बसा इथीच."

मग त्यांनी पदर खोचला, दारामागची काठी घेतली आणि जंगलाच्या वाटेचे तोंड अडवायला त्या एकट्याच निघाल्या.