अंगठ्यावरचा लाल रंग

उशीच्या कडेला लाल टवका पडला होता, तांदळाच्या कणीएवढा. ती बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली, कारण मान वळवली की गाऊनमधला आंबूस वास थेट नाकात जाई आणि तो आपलाच आहे हे पुन्हा मान्य करावं लागे... चार महिने ती न विसळलेल्या पातेल्यासारखी वास मारत होती. शेजारचं मूल रडलं तरी हिला पान्हा फुटे. शरीराला घरचं-परकं काही कळत नव्हतं. पान्हा म्हणजे वात्सल्य, असं सासूबाई म्हणत. असेल. पण मग वात्सल्याला दिवसाला तीन गाऊन लागतात, आणि ते पोटावर वाळलं की कडक होतं.

टवका नेलपॉलिशचा होता.

"मोठ्याचा अंगठा पुसलात तुम्ही?"

"पुसला कुठे, नखानं खरवडला," सासूबाई ओला टॉवेल झटकत म्हणाल्या. नुकतीच त्यांनी दोन्ही जुळ्यांना आंघोळ घातली होती. "पाय तोंडात घालतो गं. रंग पोटात गेला असता."

"मग यातला मोठा कुठला?"

सासूबाईंनी दोघांना न्याहाळलं. सारखी झबली, सारखी टकली.

"आई तू आहेस. मला काय विचारतेस?"

खरंच की. आईला म्हणे वासावरूनही कळतं. तिला वास एकच येत होता.

मोठा चार मिनिटांनी मोठा. त्याच्या अंगठ्याला लाल रंग, तो नेहमी डावीकडे. धाकटा उजवीकडे — हा तिनं केलेला कायदा. धाकटा सभ्य माणसासारखा प्यायचा. मोठा मात्र... हे सांगणार कुणाला? नवऱ्याला? तो ऑफिसात 'आम्ही अंगावरच पाजतो' असं सांगत फिरतो. मोठा लुचू लागला की तिच्या अंगावर काटा येई. मनातल्या मनात तिनं त्याचं नाव ठेवलं होतं, जळू. लाल अंगठा दिसला की ती दात आवळून घ्यायची, आणि प्यायला की त्याला असा खाली ठेवायची, जसं एखादं ओलं फडकं... धाकट्याला थोपटायची.

दोघं एकदम रडायला लागले. तिनं अंदाजानं एकेकाला एकेका बाजूला घेतलं. डावीकडून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. सापडला! तिला जवळजवळ आनंदच झाला. मग, फक्त खात्रीसाठी, तिनं दोघांची अदलाबदल केली.

कळ डावीकडेच.

पुन्हा बदलले. डावीकडेच.

मग तिनं खाली बघितलं — चार महिन्यांत पहिल्यांदा नीट, कारण स्वतःकडे बघवतच नव्हतं. डावीकडे एक बारीक चीर होती, कडेला पिवळट खपली. म्हणजे जळू कुणीच नव्हतं. ज्याला तिथे धरलं, तो फक्त भुकेला होता.

"लागला का पत्ता, मोठा कोण ते?" आतून सासूबाई.

"बघतेय," ती म्हणाली.

नेलपॉलिशची बाटली हाताशीच होती. दोघं डोळे मिटून चपचप आवाज करत पीत होते, दूध दोन हनुवट्यांवरून ओघळत होतं, आणि तो आवाज अजूनही तिला सहन होत नव्हता. किळस तशीच होती, फक्त ती आता दोघांपैकी कुणावरही टाकता येत नव्हती. चार महिने रोज आठ-दहा वेळा मी एकाला फडक्यासारखं खाली ठेवलं. आणि आज माफी मागायची म्हटलं तर... वाकायचं कुणाच्या कानाशी?